रक्तात जात नसते : बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या एका शोधाची कथा



विहाराचा वर्धापन दिन आला की स्मरणिका निघते, आणि स्मरणिका म्हटली की तिच्यात परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आलेच. महूचा जन्म, महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा, ६ डिसेंबर. आपल्या पिशोरच्या लेकरांना ही सगळी माळ तोंडपाठ आहे. म्हणून यंदा आम्ही तेच चरित्र एका वेगळ्या दोऱ्यात ओवायचे ठरवले. तो दोरा म्हणजे एक प्रश्न आहे. माणसाची जात त्याच्या रक्तात असते का? ती नाका-डोळ्यांवरून, कातडीवरून ओळखता येते का? बाबासाहेबांनी हा प्रश्न लहानपणी सोसला, तरुणपणी अभ्यासला, पुढे त्यावर ग्रंथ लिहिले आणि शेवटी दीक्षाभूमीवर त्याचे उत्तर देऊन गेले. हा प्रश्न आम्हाला आत्ताच का सुचला, ते लेखाच्या शेवटी कबूल करू.

मसूर स्टेशनवरची मुले

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी चौदावे अपत्य जन्माला आले, तेच भीमराव. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. पुढे कुटुंब साताऱ्याला आले. आई लवकरच गेली. शाळेत भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपाई असला तरच पाणी मिळे.

१९०१ सालची गोष्ट. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे त्यांना भेटायला निघाले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा सगळा थाट. मसूर स्टेशनवर उतरले, पण न्यायला कोणीच आले नाही, कारण पत्राचा निरोप वडिलांपर्यंत पोचलाच नव्हता. स्टेशनमास्तर आपुलकीने जवळ आला. पोरांचे कपडे, बोलणे, चेहरे बघून त्याला ती ब्राह्मणांचीच मुले वाटली होती. मग त्याने विचारले की तुम्ही कोण. पोरांनी सरळपणे सांगितले की आम्ही महार. त्याबरोबर त्याचा चेहरा उतरला आणि तो मागे सरला.

पुढचे आपल्याला माहीत आहे. कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही पोरांनीच बैल हाकायचे आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. डबा जवळ असून पोरे उपाशी झोपली.

आपण ही गोष्ट सांगताना तहानेवर थांबतो. आम्हाला आज त्या आधीच्या क्षणाकडे बोट दाखवायचे आहे. स्टेशनमास्तरने पोरांना डोळे भरून पाहिले होते आणि त्याला काहीच दिसले नव्हते! नाक तेच, डोळे तेच, रंग तोच. विचारीपर्यंत जात तिथे नव्हतीच, आणि विचारले तेव्हा ती उभी राहिली. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाच्या मनावर हा घाव बसला. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे ते या घावाचे मूळ शोधत राहिले.

अमेरिकेत रंग दिसत होता

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. आणि १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. घरी रमाईने गरिबीशी झुंज घेतली, पोटची लेकरे गमावली, तेव्हा कुठे हे शिक्षण पार पडले, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली घटनादुरुस्ती करून संपवली होती. पण बाबासाहेब तिथे पोचले तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांचे रेल्वेचे डबे वेगळे होते, शाळा वेगळ्या होत्या. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच या वेगळेपणावर शिक्का मारला होता. कित्येक राज्यांत गोऱ्या आणि काळ्या माणसांनी आपसात लग्न करणे हा गुन्हा होता. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम हा भाग आहे, आणि त्याच वर्षांत तो काळ्या लोकांची मोठी वस्ती होत होता.

तिथे बाबासाहेबांना पाच पावलांवर कोणी अडवत नव्हते. भारताबाहेर काढलेल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे आपल्या मनातून पुसूनच गेले होते, असे त्यांनी पुढे लिहिले. नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची जन्माची मैत्री झाली. पण विचार करणाऱ्या माणसाला तिथे एक कोडे पडणारच होते. अमेरिकेत ज्याला खाली दाबले आहे तो रंगावरून ओळखू येतो. आपल्याकडे रंगावरून काही कळत नाही, तरी दाबणे तेच. मग आपल्याकडचा भेद आला कुठून?

त्या काळातले मोठमोठे साहेब याचे उत्तर बिनधास्त देत. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातल्या लोकांची डोकी आणि नाके मोजून घेतली. नाक जितके रुंद, तितकी माणसाची समाजातली पायरी खाली, असा त्यांचा सिद्धांत. म्हणजे काय तर, आपली पायरी निसर्गानेच ठरवून दिली! याला शास्त्र म्हणत आणि साहेबांच्या दप्तरात ते छापून येई.

कोलंबियात मात्र वारे वेगळे होते. तिथले मानववंशशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ बोआस हे वंशावरून माणसाची अक्कल आणि लायकी ठरवण्याच्या विरोधात उभे राहिले होते. त्यांचे शिष्य डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवर आपला निबंध वाचला. वय अवघे २५ वर्षांचे.

दार कोणी लावले?

हा निबंध आपल्या विहारात फारसा वाचला जात नाही. खरे तर आपल्या घराघरात तो वाचायला हवा. त्यातला मुद्दा आम्ही आमच्या साध्या भाषेत मांडतो.

बाबासाहेब म्हणाले की या देशात वेगवेगळ्या काळी वेगवेगळे लोक आले आणि एकमेकांत मिसळून गेले. रक्त कधीच शुद्ध राहिलेले नाही. युरोपातले अभ्यासक स्वतः रंगाच्या अहंकारात वाढलेले, म्हणून त्यांना जातीतही रंगच दिसला. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग. एका वर्गाने, म्हणजे पुरोहित वर्गाने, आधी आपले दार आतून लावून घेतले. बाकीच्यांपैकी काहींनी त्याची नक्कल केली, आणि काहींना आपल्यावर दार बंद झालेले आढळले. अशा एकेक बंद खोल्या तयार होत गेल्या.

या खोलीची कडी कोणती? बाबासाहेबांचे उत्तर एका शब्दाचे आहे : लग्न. आपल्याच गटात लग्न करायचे, बाहेर करायचे नाही, हा नियम म्हणजेच जात. तो नियम काढला की जातीत काही उरत नाही. हा नियम टिकवायला बायकांचा बळी द्यावा लागला, हेही त्यांनी त्याच निबंधात दाखवले. नवरा मेला तर बाईने गटाबाहेर लग्न करू नये म्हणून एकतर तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. आणि बायको मेलेल्या पुरुषाला गटातच नवरी मिळावी म्हणून अजाण पोरी बोहल्यावर चढवा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तिन्ही दुखणी लग्नाच्या त्या एका कडीला लटकलेली आहेत.

पंचवीस वर्षांच्या पोराने साता समुद्रापलीकडे बसून हे शोधून काढले. जात रक्तात नाही, ती सोयरिकीत आहे. रक्तात असती तर तिच्यावर इलाज नव्हता. माणसांनी दार लावले असेल, तर माणसेच ते उघडूही शकतात.

बडोदे आणि दौलताबाद

एवढे शिकून १९१७ साली ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला आले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी खानावळीच्या माडीवर राहिले. दहा दिवस कोणाला काही कळले नाही, कारण कळण्यासारखे चेहऱ्यावर काही नव्हतेच. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. कोलंबियाचा पदवीधर कामाठी बागेत जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

पुढे १९२० साली मूकनायक निघाले, १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. चवदार तळ्याचा निकाल मुंबई हायकोर्टातून आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

आता आपल्या परिसराकडे येऊ. कन्नडहून वेरूळमार्गे शहराकडे निघालो की वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. आपली पोरे सहलीला तिथे जातात, फोटो काढतात. १९३४ साली बाबासाहेब तीसएक कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले, तेव्हा ते या किल्ल्याशी थांबले होते. तेव्हा हा मुलूख निजामाचा. रमजानचा महिना होता. दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले छोटे तळे होते. प्रवासाच्या धुळीने भरलेली तोंडे सगळ्यांनी त्यात धुतली आणि दरवाजाशी गेले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत आला की या लोकांनी तळे बाटवले. गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि आमच्यातला कोणी मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल का. त्यावर कोणाला बोलता येईना. अखेर किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला, कोणी पाण्याला शिवू नये म्हणून!

मसूरला हिंदू स्टेशनमास्तर, बडोद्याला पारशी, दौलताबादला मुसलमान. यावरून कोणत्याही एका धर्माच्या माणसाचा राग धरायला बाबासाहेबांनी शिकवले नाही. या देशात जात ही हवेसारखी झाली आहे, श्वास घेणाऱ्या प्रत्येकाच्या आत ती जाते, एवढे त्यातून कळते. त्या हवेतून आपणही सुटलेलो नाही, हा मुद्दा पुढे येणार आहे.

मक्रणपूरचा जयभीम

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. येवला म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागूनच. मराठवाड्यातल्या आपल्या माणसांत त्याने चैतन्य आले. ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने आपल्याच कन्नड तालुक्यात मक्रणपूरला परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले. एकमेकांना भेटताना जयभीम म्हणत जावे, ही गोष्ट भाऊसाहेबांनी त्याच परिषदेत मांडली, असे सांगितले जाते.

जयभीम हा शब्द किती मोठा आहे ते बघा. त्या आधी आपले आजे-पणजे समोरच्याला जोहार घालत. जोहार घातला की घालणाऱ्याची जात आपोआप सांगितली जाई, खालच्या मानेने. जयभीम म्हणताना मान ताठ राहते, आणि समोरच्याला कोण कुठला ते विचारायची गरज उरत नाही. तालुक्याच्या मातीतून हे आपल्याला मिळालेले आहे.

नाके मोजणाऱ्यांना उत्तर

१९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण वाचून घाबरून परिषदच रद्द केली. ते भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून काढले. त्यात त्यांनी पुन्हा सांगितले की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एक आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया वंशाने एक आहेत. जातीभेद हा वंशाचा भेद नाही. खरा इलाज त्यांनी दोन गोष्टींत सांगितला : आंतरजातीय लग्ने, आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांची सत्ता झुगारणे.

१९४६ साली शूद्रांच्या उगमावरचा ग्रंथ आला. तो त्यांनी महात्मा जोतीराव फुल्यांना अर्पण केला. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जोतीरावांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. पुण्यात बसून त्यांनी शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि काळ्या गुलामांचे दुःख एका तराजूत तोलले. पण आर्य बाहेरून आले आणि त्यांनी मूळच्या लोकांना जिंकून शूद्र केले, अशी जोतीरावांची मांडणी होती. बाबासाहेबांनी गुरूला ग्रंथ वाहिला आणि त्याच ग्रंथात ही मांडणी सोडून दिली. आर्य हा शब्द वेदांत वंश म्हणून येत नाही, असे त्यांनी दाखवले. वेदातल्या एका शब्दाचा अर्थ युरोपच्या पंडितांनी नकटा असा लावला होता, त्यावरून दास-दस्यू हे वेगळ्या वंशाचे ठरवले होते. बाबासाहेबांनी दाखवले की तोच शब्द वेगळा फोडला तर त्याचा नाकाशी काही संबंध उरत नाही. गुरूवर प्रेम करावे आणि पुराव्यापुढे गुरूचेही म्हणणे तपासावे, हा त्यांचा धडा आहे.

१९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा ग्रंथ आला. नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना तो अर्पण केलेला आहे. त्यात त्यांनी नाकांच्या मापांचे तक्तेच पुढे ठेवले आणि साहेबांचे शास्त्र साहेबांच्याच गजाने मोजून खोटे पाडले. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते, असे अनुमानही त्यांनी तिथे मांडले. कोण कुठून आले याचे वाद अभ्यासकांत आजही चालतात, आणि बाबासाहेबांचे प्रत्येक अनुमान सगळ्यांना मान्य आहे असे नाही. पण जात ही वंशाची वाटणी नव्हे, हा गाभा कोणाला हलवता आलेला नाही.

२०१३ साली हैदराबादची सीसीएमबी आणि अमेरिकेतल्या हार्वर्डमधील शास्त्रज्ञांनी आनुवंशिकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज भारतातला जवळजवळ प्रत्येक समाज मिश्र रक्ताचा आहे. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथे मोठ्या प्रमाणावर मिसळण झाली आणि त्यानंतर गटागटात लग्ने बंदिस्त होत गेली, असा त्यांचा निष्कर्ष. आधी मिसळण, मग बंद दार. १९१६ चा निबंध आठवा!

काळ्या बांधवांना पत्र

जात वंश नाही म्हणून काळ्या लोकांचे दुःख आपले नव्हे, असे मात्र बाबासाहेबांनी कधी म्हटले नाही. १९४६ साली अमेरिकेतले थोर कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना त्यांनी पत्र लिहिले. काळ्या लोकांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत, त्यांची आणि अस्पृश्यांची अवस्था फार सारखी आहे, असे त्यांनी कळवले, आणि संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली. डुबॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले.

गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलनाही त्यांनी आपल्या लिखाणात केली आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून मालक निदान त्याला जगवतो. अस्पृश्याला जगवायची जबाबदारी कोणाचीच नाही, आणि त्याला वाटते की आपण मोकळे आहोत. दिसत नसलेली बेडी तोडायला जास्त कठीण, हे त्यांचे निदान.

२००१ साली दक्षिण आफ्रिकेत दरबान इथे वंशभेदाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. दलित संघटनांनी तिथे जातीचा प्रश्न नेला. भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे, असे सांगून विरोध केला. वाक्य बाबासाहेबांचेच होते, पण त्याचा उपयोग उलटा केला गेला. बाबासाहेबांनी ते म्हटले होते जात मोडता यावी म्हणून. जगापुढे तोंड झाकायला त्यांनी ते म्हटले नव्हते.

घटना, नागसेनवन, दीक्षाभूमी

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या घटनेत १५ वे कलम बघा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायचा नाही. वंश वेगळा लिहिला, जात वेगळी लिहिली, आणि दोन्हींवर बंदी घातली. १७ व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. हिंदू कोड बिलातही लग्नाला जात आड येऊ नये अशी तरतूद होती. ते बिल अडवले गेले आणि १९५१ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. स्वतः त्यांनी १५ एप्रिल १९४८ रोजी सारस्वत कुटुंबातल्या डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी लग्न केले होते.

ज्या दौलताबादला पाण्यासाठी शिपाई मागे लावला, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर औरंगाबादला १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे त्याला मिलिंद महाविद्यालय नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली पहिल्या पिढीची पोरे तिथे शिकली. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव झाला, तेव्हा मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. वस्ती कोणाची हे ठाऊक होते, म्हणूनच ती जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला लाखोंच्या साक्षीने बाबासाहेबांनी बुद्धाला शरण जाऊन आपल्याला २२ प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा त्यांतच आहे. बुद्धच का? वासेट्ठ सुत्त वाचले की कळते. दोन ब्राह्मण तरुण भांडत आले, माणूस जन्माने श्रेष्ठ की कर्माने. तथागतांनी त्यांना समजावले की गवतात, झाडांत, किड्या-मुंग्यांत, मासे-पाखरांत जातीजातीच्या खुणा वेगळ्या असतात. माणसाच्या केसांत, कानांत, डोळ्यांत, नाकात अशी खूण सापडत नाही. रिस्लेसाहेबांच्या चोवीसशे वर्षे आधी नाकाचा हिशोब चुकता झालेला होता! आपल्या तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, राजवैद्याचे घराणे आहे, आणि यक्षाची मूर्ती घडवणारा कण्हदास सोनार आहे. दगडावर त्यांचे काम टिकून राहिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांचा वर्षभराचा बस-बहिष्कार जिंकला. एक मशाल इथे विझली असे आम्ही म्हणत नाही. तिकडेही ती पेटलेली होती.

आता आमची कबुली

जगभर बघा, विषमता आधी लग्नाच्या दाराशी पहारा बसवते. १९३५ साली हिटलरच्या जर्मनीने ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नावर बंदी घातली. १९४९ साली दक्षिण आफ्रिकेने गोरे आणि इतर यांच्या लग्नावर बंदी घातली, ती १९८५ साली उठली. अमेरिकेत १९६७ पर्यंत १६ राज्यांत अशी बंदी होती. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याने कोर्टात लढून ती उठवली. आपल्याकडे असा कायदा नाही. तरी २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय लग्ने शंभरात पाचच्या आसपास निघाली. म्हणजे इथे पहारा सरकार देत नाही, आपण देतो.

मागे आमच्या घरच्या एका लेकीसाठी स्थळ बघायला आम्ही गेलो होतो. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. घरात तथागतांची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब. जयभीम झाला, चहा झाला. मग आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्याने हळूच विचारले की तुम्ही सोमवंशी की लाडवण. आम्ही सगळे गप्प बसून उत्तराची वाट बघत राहिलो. मुलाच्या बापाने मान खाली घालून सांगितले. ते आमच्यातले नव्हते. सोयरीक तिथेच थांबली. घरी आल्यावर लेकीने एवढेच विचारले की त्याच्या तोंडावर तसे काही दिसत होते का.

आम्हाला मसूरचा स्टेशनमास्तर आठवला. त्या दिवशी त्याच्या जागी आम्ही उभे होतो.

वरच्या जातीने दार लावले म्हणून आपण दोन हजार वर्षे बाहेर राहिलो. धम्म घेतला, त्या दाराबाहेर मोकळे मैदान मिळाले, आणि आता त्याच मैदानात आपण पोटजातीच्या खोल्या बांधतो आहोत. मातंग, चर्मकार, भिल्ल बांधवांच्या घरी आपण जेवायला जातो का, त्यांच्या लेकरांशी आपल्या लेकरांची सोयरीक मनात तरी आणतो का, हेही ज्याचे त्याने उंबऱ्यावर उभे राहून बघावे.

म्हणून या वर्धापन दिनी आमची एकच विनंती आहे. लग्नाच्या परिचयपत्रात पोटजातीचा रकाना लिहू नका, आणि समोरच्याने लिहिला असेल तर वाचू नका. स्थळ बघायला गेल्यावर मुलगा काय शिकला, काय काम करतो, पंचशील पाळतो का, आपल्या लेकीला माणूस म्हणून वागवील का, एवढे विचारा. तो शेवटचा प्रश्न ओठावर आला तर गिळून टाका. बाबासाहेबांच्या चरित्राला घातलेले ते खरे फूल ठरेल. आमच्या हातून ते एकदा निसटले आहे, तुमच्या हातून निसटू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!